पऱ्हाटी, तूर, हरभरा आणि एक हिरवी बुरशी : वऱ्हाडातील कीडनियंत्रणाचा इतिहास

१/२०
भाद्रपदात पावसाची झड लागते, चार-सहा दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि अमरावती-अकोल्याकडील सोयाबीनच्या शेतांत एक विलक्षण दृश्य दिसू लागते. झाडांच्या शेंड्यांवर, पानांवर अळ्या चिकटलेल्या असतात. त्या हालत नाहीत. बोट लावले तर कडक लागतात. प्रथम त्या खडूसारख्या पांढऱ्या होतात आणि मग त्यांच्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. त्या शेतात कोणी फवारणी केलेली नसते. हे काम असते मेटारायझियम रिलेयी या बुरशीचे. जुन्या पुस्तकांत ती नोमुरिया रिलेयी या नावाने भेटते. २०१४ मध्ये वर्गीकरण बदलले आणि तिला आजचे नाव मिळाले. कीटकांना मारणाऱ्या बुरशी माणसाने कशा ओळखल्या, कामाला कशा लावल्या, आणि वऱ्हाडच्या कडधान्यांत व सोयाबीनमध्ये त्यांना रासायनिक विषासोबत नांदवणे इतके अवघड का ठरले, याचा हा धागा.

२/२०
आधी या बुरशीची रीत समजून घेतली पाहिजे. विषाणू किंवा जिवाणू अळीच्या पोटात गेल्याशिवाय तिला मारू शकत नाहीत. बुरशीला ते बंधन नाही. तिचा बीजाणू अळीच्या अंगावर पडतो, ओलावा मिळाला की रुजतो, कातडी विरघळवणारी विकरे स्रवतो आणि शरीरात शिरतो. आत तो वाढतो, पसरतो, अळीचे पोषण शोषून घेतो. अळी मरते ती साधारण चार ते दहा दिवसांनी. मग बुरशी आतून बाहेर येते आणि मृत देहावर नव्या बीजाणूंचे पीक उभे राहते.

यात तीन अटी दडलेल्या आहेत. हवेत ओलावा हवा, हाताशी वेळ हवा, आणि अळी उघड्यावर सापडायला हवी. शेंगेत शिरलेल्या अळीपर्यंत बीजाणू पोहोचत नाही. पुढचा सारा इतिहास या तीन अटींभोवती फिरतो.

३/२०
कथेचा आरंभ शेतात नाही, रेशमाच्या किड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीत रेशीमकिडे एका रोगाने पटापट मरत. मेलेला किडा कडक होई आणि त्याच्यावर पांढरी भुकटी चढे. लोदी येथील अगोस्तिनो बास्सी याने सुमारे पंचवीस वर्षे या रोगाचा पिच्छा पुरवला आणि १८३५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: हा रोग संसर्गजन्य आहे आणि त्याला एक सूक्ष्म बुरशी कारणीभूत आहे. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक. पाश्चर आणि कॉख यांचे कार्य त्यानंतर काही दशकांनी आले. त्या बुरशीला पुढे बास्सीचेच नाव मिळाले: बिव्हेरिया बॅसियाना. आज कृषी केंद्रातल्या पाकिटावर जे नाव छापलेले असते, ते हेच.

४/२०
बास्सीला बुरशीपासून किडा वाचवायचा होता. बुरशीच्या हाती कीड सोपवण्याची कल्पना पुढच्या पिढीची. १८७९ मध्ये ओडेसा येथे इल्या मेचनिकोव्ह याने गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांत एक हिरवी बुरशी पाहिली आणि तिचा किडीविरुद्ध उपयोग करता येईल असे मांडले. ती मेटारायझियम. १८८४ मध्ये इसाक क्रासिलश्चिक याने युक्रेनमधील स्मेला येथे तिचे उत्पादन करून चार महिन्यांत ५५ किलो बीजाणू तयार केले. साखरबीटावरील सोंड्या किडीविरुद्ध ते वापरायचे होते.

मेचनिकोव्हला पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. त्याचा ओडेसातील एक विद्यार्थी महाराष्ट्राला चांगला परिचित आहे: वाल्देमार हाफकिन. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करणारा आणि परळच्या संस्थेला ज्याचे नाव आहे, तोच हा.

५/२०
इतकी जुनी कल्पना मागे का पडली? याचे उत्तर अमेरिकेतील कॅन्सस येथे सापडते. १८९० च्या सुमारास फ्रान्सिस स्नो या प्राध्यापकाने बुरशीने मेलेले ढेकूणवर्गीय कीटक शेतकऱ्यांना पाठवण्याचा मोठा उपक्रम चालवला. शेतकरी ते आपल्या शेतात सोडत. काही ठिकाणी कीड साफ झाली, काही ठिकाणी काहीच झाले नाही. १९११ मध्ये बिलिंग्ज आणि ग्लेन यांनी पडताळणी केली, तेव्हा कारण उमगले. बुरशी शेतात आधीपासूनच होती. हवा दमट असली की ती स्वतःहून पसरे. हवा कोरडी असली की कितीही आणून टाकली तरी रुजत नसे. या निष्कर्षानंतर अमेरिकेत या विषयातला उत्साह बराच काळ मावळला. शेतकऱ्याला भरवसा हवा होता आणि बुरशी आकाशाकडे बोट दाखवत होती.

६/२०
आता वऱ्हाडात यावे. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. त्याच दशकात रेल्वे आली. अमरावती आणि अकोला या कापसाच्या पेठा झाल्या.

पण वऱ्हाडच्या शेतात पऱ्हाटी कधी एकटी नव्हती. पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास, ही येथील जुनी पेरणी. शेजारच्या वावरात ज्वारी, मूग, उडीद. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने हरभऱ्याचा आधार तर विशेषच. खरिपापासून रब्बीपर्यंत शेत कधी रिकामे नसे.

७/२०
या पीकपद्धतीत एक कीटक अगदी चपखल बसला. कास्तकार त्याला तीन नावांनी ओळखतो. पऱ्हाटीवर ती अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यावर घाटेअळी. प्राणी एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. अर्धे अंग घाट्यात आणि अर्धे बाहेर, अशी तिची हरभऱ्यावरील बैठक प्रसिद्ध आहे.

एक मादी शेकडो अंडी घालते, तीही एकेक करून, विखरून. अनुकूल हवेत महिना-सव्वा महिन्यात एक पिढी पूर्ण होते. आश्विनात पऱ्हाटीवर वाढलेल्या अळीचे पतंग पुढे फुलोऱ्यातील तुरीवर आणि नंतर हरभऱ्यावर येतात. म्हणून वऱ्हाडात कडधान्यावरील किडीचा इतिहास कापसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

८/२०
रासायनिक कीटकनाशके येण्यापूर्वी काय होते? अळ्या हाताने वेचणे. तुरीचे झाड हलवून खाली अंथरलेल्या पोत्यावर अळ्या पाडणे. पक्ष्यांना बसायला जागा मिळेल अशी मिश्र पेरणी. वसाहतकाळात कीटकशास्त्र हे सरकारी खाते झाले. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा हिंदुस्थान सरकारचा कीटकशास्त्रज्ञ होता. त्याचे ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. शेतातील किडींची पद्धतशीर नोंद करणाऱ्या प्रारंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

लेफ्रॉय पुढे इंग्लंडला परतला आणि कीटक मारणाऱ्या विषारी वायूंवर प्रयोग करू लागला. १९२५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत अशाच एका वायूने त्याचा बळी घेतला. विष किडीपुरते मर्यादित राहत नाही, ही गोष्ट या शास्त्राच्या आरंभीच्या पिढीतच नोंदली गेली होती.

९/२०
१९३९ मध्ये पॉल म्युलर याने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. स्वातंत्र्यानंतर डीडीटी आणि बीएचसीची भुकटी भारतीय शेतात पोहोचली. तिला ढगाळ हवेची गरज नव्हती, दहा दिवसांची वाट नव्हती. सकाळी धुरळावी, संध्याकाळी मेलेली अळी पाहावी. बुरशीच्या तिन्ही अटी तिने एका फटक्यात रद्द केल्या.

या काळात केंद्रात कृषिमंत्री होते अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख (१९५२ ते १९६२). अन्नटंचाईच्या त्या वर्षांत अधिक उत्पादन ही देशाची निकड होती आणि कीटकनाशक हे त्या निकडीचे हत्यार होते. आज मागे वळून दोष देणे सोपे आहे; तेव्हाच्या रिकाम्या कोठारांसमोर उभे राहून निर्णय घेणे तितके सोपे नव्हते.

१०/२०
पण धोक्याची घंटा लवकरच वाजली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत अन्नपदार्थांत मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. चौकशी आयोग नेमला गेला. त्या प्रवासाच्या शेवटी १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि कोणते औषध कोणत्या पिकावर, किती मात्रेत, याला कायदेशीर नोंदणी आवश्यक ठरली.

पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. विदर्भाच्या पिकांवरील किडींचा अभ्यास आणि त्यावरील शिफारशी यांचे केंद्र आता जवळ आले. कायदा आणि विद्यापीठ ही दोन्ही एकाच काळाची अपत्ये. कायदा विषाला वेसण घालू पाहत होता. विद्यापीठाला कास्तकाराच्या हाती पर्याय द्यायचा होता.

११/२०
१९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड ही नवी कीटकनाशके कापसावर आली. अल्प मात्रेत अळी तत्काळ गार होई. काही वर्षे यश डोळे दिपवणारे होते. मग १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील गुंटूर-प्रकाशम भागात बोंडअळीने कापूस फस्त केला. फवारणीवर फवारणी करूनही ती मरेना. तपासणीत पायरेथ्रॉइडविरुद्धची प्रतिकारक्षमता स्पष्ट झाली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तेथून आल्या. नंतरच्या वर्षांत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी देशाच्या अनेक भागांतील अळ्यांत ही क्षमता मोजली.

येथे तीन नावांचा मुद्दा पुन्हा पाहावा. प्रतिकारक्षमता अळीच्या अंगात असते. पिकाला ती चिकटून राहत नाही. पऱ्हाटीवरील फवारे पचवून वाचलेल्या अळ्यांची संतती तुरीवर आणि हरभऱ्यावर उतरते. हरभऱ्यावर एकही फवारा न मारलेल्या कास्तकारालाही कापसातील विषाची किंमत मोजावी लागते.

१२/२०
याच पेचातून जैविक मार्गांकडे पुन्हा लक्ष गेले. घाटेअळीला रोग लावणारा एचएएनपीव्ही हा विषाणू, अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या जातीची सूक्ष्म माशी, पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, शेतात ज्वारीची झाडे राखून केलेले पक्षीथांबे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने तूर हलवून अळ्या पाडण्याच्या जुन्या रीतीचीही पुन्हा नोंद घेतली.

या मांडणीत बुरशीचे स्थान काहीसे निराळे होते. विषाणू मुख्यतः एकाच अळीपुरता असतो. बिव्हेरिया आणि मेटारायझियम अनेक किडींवर चालतात. रिलेयी ही जात पाने खाणाऱ्या आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांवर विशेष प्रभावी. म्हणून सोयाबीन, तूर, हरभरा या तिन्ही पिकांसाठी त्यांचा विचार होऊ लागला.

१३/२०
महाराष्ट्रात या कामाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी मेटारायझियमच्या देशी वाणांवर दीर्घ काम केले. तूर आणि हरभऱ्याच्या शेतांत घाटेअळीविरुद्ध त्यांच्या चाचण्या झाल्या.

त्या कामातील एक निरीक्षण इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावणारे आहे. बुरशी प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवत राहिले, तर तिची मारकशक्ती घटत जाते. तीच बुरशी पुन्हा जिवंत अळीवर वाढवून घेतली, की ती शक्ती परत येते. म्हणजे कारखान्यात वाढवलेल्या बुरशीलाही अधूनमधून मूळ शत्रूची गाठ घालून द्यावी लागते. रासायनिक विषाच्या डब्याला अशी देखभाल लागत नाही. दोहोंच्या व्यापारातील फरक येथूनच सुरू होतो.

१४/२०
हरभऱ्याने आणखी एक अडचण उभी केली. थंडीच्या पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालले की पायांना आंबट ओल लागते. जुन्या काळी रात्री झाडांवर धडपे पसरून सकाळी ते पिळून ही आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर घरात जपून ठेवीत. ही आंब म्हणजे पानांवरील केसांतून स्रवणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले. एचएएनपीव्हीचा परिणाम हरभऱ्याच्या पानावर इतर पिकांपेक्षा कमी पडतो, हे संशोधकांनी दाखवले आहे. प्रयोगशाळेच्या बशीत चालणारा उपाय या पानावर तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

त्यात वऱ्हाडचा हिवाळा कोरडा. बुरशीला २५ ते २८ अंशांची ऊब आणि दमट हवा मानवते. प्रखर ऊन बीजाणूंना काही तासांत निकामी करते. म्हणून फवारणी सायंकाळी करण्याचा सल्ला दिला जातो, म्हणजे रात्रीचे दव कामी येते.

१५/२०
मग प्रश्न उरला तो विषासोबत वापरण्याचा. ही कल्पनाही जुनी आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात ‘बोव्हेरिन’ या नावाने बिव्हेरियाचे उत्पादन होत असे आणि बटाट्यावरील भुंगेऱ्याविरुद्ध ते कीटकनाशकाच्या अगदी कमी मात्रेसोबत फवारले जाई.

यामागील तर्क असा. कोवळी अळी लवकर कात टाकते आणि अंगावर चिकटलेले बीजाणू कातीसोबत गळून जातात. निरोगी कीटक अंग चोळून, साफ करून बीजाणू झटकतो. विषाच्या अल्प मात्रेने तो मरत नाही, पण सुस्तावतो. खाणे, वाढ, अंग साफ करणे मंदावते. बुरशीला हवे असलेले दिवस तेथे मिळतात. वाळवीवरील प्रयोगांत इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने नेमके हेच घडल्याचे दिसले. एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि विषाची मात्राही घटते.

१६/२०
पण प्रत्येक विष बुरशीचे सोबती होऊ शकत नाही. बुरशीनाशके तर नावाप्रमाणेच तिचे शत्रू. अमेरिकेच्या दक्षिण भागातील सोयाबीनमध्ये १९७० च्या दशकात बेनोमिल हे बुरशीनाशक फवारलेल्या शेतांत अळ्या वाढल्याचे आढळले. कारण रोगाच्या बुरशीसोबत रिलेयीही मेली होती आणि अळ्यांवरचा नैसर्गिक अंकुश निघून गेला होता. अनेक ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके आणि त्यांतील तेलकट द्रावके बीजाणूंचे रुजणे रोखतात. काही नवी कीटकनाशके तुलनेने सौम्य ठरतात.

त्यामुळे संशोधक खाद्यात विष मिसळून बुरशी किती वाढते हे आधी बशीत मोजतात आणि मग शेतात जातात. या साऱ्यातून एक साधा क्रम निघतो: अळ्या लहान असताना, उघड्यावर असताना, हवा दमट असताना बुरशी, कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेली तरच, आणि काही दिवसांचे अंतर राखून, रसायन.

१७/२०
हा क्रम पाळायचा तर शेतात किती अळ्या आहेत हे माहीत हवे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पऱ्हाटीवरील अमेरिकन बोंडअळीचे फवारे काही काळ बरेच घटले. तूर आणि हरभऱ्याला ते कवच नव्हते. दरम्यान वऱ्हाडात मूग, ज्वारीची जागा सोयाबीनने व्यापली होती. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात त्या सोयाबीनवर स्पोडोप्टेरा अळीचा उद्रेक झाला आणि पीक उघडेबोडके झाले.

त्या धक्क्यातून २००९ मध्ये राज्याचा क्रॉपसॅप हा प्रकल्प उभा राहिला. ठरावीक गावांत किडींची नियमित मोजणी करायची आणि पातळी ओलांडली तरच सल्ला द्यायचा. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग, असे हे मापदंड. बुरशी आणि विष यांच्यातील वेळेचे गणित प्रथमच व्यवहाराच्या जवळ आले.

१८/२०
तरीही २०१७ आले. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी उंच वाढलेली होती, हवा कोंदट होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळून मारण्याची सवय सर्वत्र होती. नोव्हेंबरात राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली.

‘सोबत’ या शब्दाचे शेतातले रूप येथे उघड झाले. संशोधनात त्याचा अर्थ मोजलेली अल्प मात्रा, ठरलेला क्रम, मधले अंतर. पंपात त्याचा अर्थ झाला, जे हाती येईल ते एकत्र. आणि तो पंप बहुतेक वेळा मजुराच्या पाठीवर होता.

१९/२०
याच पंपात बुरशीचे पाकीटही पडते. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वर बिव्हेरिया, अशी एकत्र फवारणी झाली की बीजाणू पानावर पोहोचण्यापूर्वीच निकामी होतात. मग आठवड्याने कास्तकार म्हणतो, जैविक औषधात दम नाही. त्याचे म्हणणे त्याच्या अनुभवापुरते खरे असते.

त्याआधीची वाटही सोपी नसते. पाकिटातील माल जिवंत आहे. त्याला मुदत आहे आणि उष्णता सोसत नाही. अकोला हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या पाकिटात खरिपापर्यंत जिवंत बीजाणू किती उरतील, याची कल्पना करता येते. १९११ मध्ये कॅन्ससने बुरशीवर जो ठपका ठेवला, तोच येथे पुन्हा ठेवला जातो; कारणे मात्र बरीचशी माणसाने घडवलेली असतात.

२०/२०
या इतिहासातून बुरशी विषाची जागा घेईल असे वचन मिळत नाही. कोरड्या हवेत, घाट्यात शिरलेल्या अळीसमोर ती हतबलच राहते आणि तेव्हा रसायनाची गरज पडते. मात्र विष एकटे पडले की काय होते, हे गुंटूरने दाखवले, आणि विषावर विष चढवले की काय होते, हे यवतमाळने. बुरशीचा उपयोग या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. वर्षाकाठी एक-दोन फवारे जरी तिच्यामुळे टळले, तरी अळीची प्रतिकारक्षमता तेवढी उशिरा वाढते, कास्तकाराचा खर्च तेवढा वाचतो आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या श्वासात तेवढे विष कमी जाते.

भाद्रपदातील झडीत सोयाबीनवर मेलेल्या अळ्या दिसल्या, की त्या दिवशी फवारणी पुढे ढकलावी आणि अळ्या मोजाव्यात. पानावरची ती हिरवी भुकटी म्हणजे पुढच्या संसर्गाचे बी आहे. बास्सीने जी पांढरी भुकटी पाहिली, मेचनिकोव्हने जी हिरवी बुरशी पाहिली, तिच्याच जातकुळीची ही बुरशी वऱ्हाडच्या वावरात आजही आपले काम करीत आहे. तिला ते करू द्यायचे की नाही, हे पंप भरण्याच्या वेळी ठरते.